वावर विकून चाळिशीत निवृत्त? आधी कलम 89 वाचा

माझ्या मामेभावाचं विदर्भातल्या वणीजवळ साडेतीन एकर ओलिताचं वावर आहे. वय 39. परवा त्यानं जिनिंगच्या काटापावतीच्या पाठीमागं केलेल्या हिशोबाचा फोटो पाठवला: 40 लाख, 12 टक्के, महिना 40 हजार. खाली एकच ओळ, "दादा, विकून टाकू का?"

हिशोब त्याचा नाहीच. गावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा आहे. वावर विका, विक्रीवर कर लागत नाही, पैसा म्युच्युअल फंडात टाका, वर्षाला सरासरी 12 टक्के मिळतात, दरमहा 40 हजार काढा, मुद्दल तसंच राहतं, आजारपणाला सरकारी योजना आहे, मन झालं की पुन्हा वावर घ्या. वाचून डोकं तापलं.

सगळ्यात घातकी वाक्य शेवटचं. पुन्हा वावर घ्या! कसं घेणार? विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळवहिवाट कायदा आहे. त्याचं कलम 89 सांगतं की शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. नावावरचं शेवटचं वावर गेलं, सातबाऱ्यावरून नाव उतरलं, की उद्या खरेदीच्या वेळी "शेतकरी असल्याचा पुरावा आणा" म्हणतील तेव्हा काय दाखवणार? मग जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी चकरा. बापानं विहीर खोदून ओलीत केलेलं वावर बँकेतल्या ठेवीसारखं काढता-टाकता येत नाही. शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतलं 3 लाखांपर्यंतचं, वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडणारं पीककर्जही त्याच सातबाऱ्यावर मिळतं. मेसेजमध्ये यातला एक शब्द नाही.

आता 12 टक्के. सरासरी म्हणजे दरवर्षी नव्हे. फंडाचा पैसा ज्या शेअर बाजारात जातो, त्याचा निर्देशांक सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर होता, ऑक्टोबरात 8 हजारांखाली. समजा पहिल्याच वर्षी 40 टक्के पडझड झाली. 40 चे 24 लाख झाले, त्यातून वर्षाचे 4 लाख 80 हजार काढले, उरले 19 लाख 20 हजार. आता तेवढेच पैसे काढून मुद्दल टिकवायचं तर दरसाल 25 टक्के हवेत. कोण देणार?

विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागारानं 1994 मध्ये तिथले जुने आकडे तपासून सांगितलं की पहिल्या वर्षी 4 टक्के काढा, पुढं महागाईप्रमाणे वाढवा, तर पैसा 30 वर्षं पुरतो. 40 लाखांवर ते महिना सव्वातेरा हजार होतात. आणि 39 व्या वर्षी थांबणाऱ्याला 30 वर्षं तरी कुठं पुरतात? महागाई 6 टक्के धरली तर आजचा 40 हजारांचा खर्च 12 वर्षांत 80 हजारांवर जातो. तेव्हा पोरगी कॉलेजात असेल.

आजारपणाचं थोडक्यात. महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते दवाखान्यात भरती होऊन घ्यायचे ठरावीक उपचार. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच.

एक गोष्ट मान्य करावी लागते. गावाकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे मेसेजमधलं खरं आहे. कापसात हाती काही उरत नाही, हेही खरं, आणि तो थकलाय हे मला दिसतं. पण थकला असेल तर दोन वर्षं वावर मक्त्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, दे ना! सातबारा तुझ्याच नावावर राहील, मक्त्याचा पैसा फंडात टाक, मी स्वतः खातं उघडून देतो.

सोमवारी गिऱ्हाईक इसार घेऊन येणार म्हणतो. भाऊ, त्या पैशाला हात लावू नको. मी रविवारी येतो, आपण आधी वकिलाकडं जाऊ.