१९१८ ला 'सगळ्या' बायकांना मत मिळालं?

ती पोस्ट परत फिरतेय, की ब्रिटनमध्ये १९१८ ला सगळ्या बायकांना मताचा हक्क मिळाला, आणि तोही श्रीमंत घरच्या मॅडम लोकांमुळे. दोन्ही अर्धवट आहे. १९१८ ला वयाची अट ३० ची होती, वर घर-मालमत्तेची किंवा डिग्रीची अट, त्यामुळे पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलेल्या कितीतरी तरुण पोरी बाहेरच राहिल्या, पुरुषांना मात्र २१ ला मत! बरोबरी झाली १९२८ ला. आणि मॅडम लोकांचं म्हणाल तर १९०१ मध्येच इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी मताच्या हक्कासाठी २९,३५९ सह्यांचा अर्ज पार्लमेंटला नेला होता, सह्या गोळा करणाऱ्यांतली एक, सेलिना कूपर, स्वतः लहानपणी गिरणीत कामाला होती.