सेवेला शेवटची तारीख असू द्या

‘ज्यांच्या मनात सेवेचं ओझं आहे त्यांनी उपासनेनंतर पाळकांना भेटावं.’ चर्चमधल्या या घोषणेने माणसं मिळत नाहीत. मिळतात ती तीच चार, जी आधीच क्वायरमध्ये गातात, संडे स्कूल घेतात आणि शेवटी खुर्च्याही उचलतात. बाकीच्यांना सेवा नको असते असं नाही. एकदा हो म्हटलं की सुटका कधी, हे कुणी सांगत नाही, म्हणून ते गप्प बसतात.

पवित्र शास्त्रात हा घोळ नाही. पहिल्या इतिहासाच्या 25व्या अध्यायात 288 गवई आहेत, त्यांचे 24 वर्ग, एका वर्गात 12. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, गुरू-शिष्य असा भेद न करता. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या नावाचा याजक मंदिरात आहे तो त्याच्या वर्गाची पाळी आली म्हणून. गणना 8 मध्ये लेव्यांची, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशाच्या माणसांची सेवा पंचविसाव्या वर्षी सुरू होते आणि पन्नासाव्या वर्षी थांबते. पुढे फक्त भाऊबंदांना मदत करायची. म्हणजे पाळीही आहे, निवृत्तीही आहे. आपल्याकडे एकच बाई वर्षानुवर्षं संडे स्कूल ओढते आणि आपण त्याला विश्वासूपणा म्हणतो.

आता कृपादानांचे फॉर्म, म्हणजे देवाने सेवेसाठी आपल्याला कुठलं दान दिलं आहे ते खुणा करून शोधायचे कागद. रोमकरांस 12 मध्ये सात दानं आहेत, 1 करिंथकरांस 12:8-10 मध्ये नऊ, आणि दोन्ही याद्या जुळत नाहीत. ही पत्रं लिहिणाऱ्या पौलालाच पूर्ण यादी द्यायची नव्हती, तर आपण चौकोनात खुणा करून काय शोधणार? फॉर्मवरून माणसाला काय आवडतं एवढंच कळतं. दान कामात दिसतं, आणि बहुधा ते आधी दुसऱ्यांना दिसतं. डीकन (मंडळीतले सेवक) नेमण्याआधी त्यांची पारख व्हावी असं 1 तीमथ्य 3:10 सांगतं. आपल्याकडे ती पारख म्हणजे सहा रविवार काम करून बघणं.

शिकवण्याचंच घ्या. पहिले दोन रविवार नव्या माणसाने वर्गात नुसतं मागे बसावं. पुढचे दोन रविवार त्याने दहा मिनिटांची गोष्ट सांगावी. शेवटचे दोन रविवार त्याने पूर्ण वर्ग घ्यावा, नेहमीच्या शिक्षिकेने मागे बसावं. मग ‘आवडलं का?’ विचारू नका. मुलांनी प्रश्न विचारले का, मागच्या रविवारचं त्यांना काही आठवलं का, ते बघा. नाही जमलं तर सहा आठवडे संपलेलेच असतात; कुणाला काढावं लागत नाही, कुणाचा अपमान होत नाही.

साऊंडच्या टेबलावर तर हे फारच लागतं. माईकने शिट्टी मारली की नवखा माणूस घाबरून मास्टर (सगळ्यांचा आवाज एकदम कमी करणारं बटण) खाली ओढतो आणि अख्खा क्वायर गायब होतो. खाली करायचा असतो तो एकच माईक, बहुतेक वेळा जो स्पीकरसमोर आला आहे तो. चालू करताना मिक्सर आधी, अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो. एवढं कागदावर लिहून टेबलाला चिकटवता येतं. कान मात्र चिकटवता येत नाही. कुठला माईक शिट्टी मारतोय हे ज्याला सहा रविवारांनंतरही ऐकू येत नाही, त्याला प्रेमाने दुसरं काम द्या.

दोन ठिकाणी दानाचा प्रश्नच नाही, तिथे नियम लागतो. अर्पण मोजायला नात्यात नसलेली दोन माणसं हवीत (नवरा-बायको हे एकच माणूस धरा). दोघांनी वेगवेगळं मोजावं, आकडा जुळला की खोली सोडण्याआधी सह्या कराव्यात. यात अविश्वास कसला? यरुशलेमसाठीची वर्गणी नेताना आपल्याला कुणी दोष देऊ नये म्हणून पौलानेही सोबत माणसं पाठवली होती, 2 करिंथकरांस 8 वाचा. आणि मुलांच्या खोलीत एकटा मोठा माणूस कधीच नको. मंडळीत निदान सहा महिने न काढलेल्या माणसाला तिथे पाठवू नका, आधीच्या मंडळीत फोन करून चौकशी करा. ‘तो फार भक्तिमान आहे’ ही चौकशी नव्हे.

पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावावा. एका माणसाला महिन्यात जास्तीत जास्त दोन रविवार, आणि एका रविवारी एकच काम. जमत नसेल तर बदली माणूस त्यानेच शोधायचा आणि तक्ता लावणाऱ्याला कळवायचं. शनिवारी रात्री ग्रुपवर ‘उद्या कोण आहे?’ असा मेसेज पडत असेल तर तक्ता नावापुरताच आहे.

मुदत एक वर्षाची पुरे. संपायच्या महिनाभर आधी समोर बसून विचारा: पुढे चालू, काम बदलायचं, की थांबायचं? थांबतो म्हणाला तर नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्यास योग्य नाही, हे येशूचं वचन काढून दाखवू नका. चाव्या आणि रजिस्टर परत घ्या, मंडळीसमोर नाव घेऊन आभार माना, आणि पुढचे तीन महिने त्याला कसलंही काम सांगू नका, खुर्च्या उचलायलासुद्धा.