जिलबी, आईची वही आणि परशुराम कृष्ण गोडे

आज कर्वेनगरात मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. जिलबी-मठ्ठ्याशेजारी पाटी: ‘जिलबी, पाच हजार वर्षांची वैदिक परंपरा’. लोक पाटीसकट फोटो काढत होते. मी केटररला विचारलं, कुठल्या ग्रंथात आहे हो हे? म्हणाला, “नेटवर आहे की मॅडम.” तेवढ्यात माझा भाचा मध्ये पडला, “मावशी, जिलबी मुघलांनी आणली.” तोही तितक्याच खात्रीने! मला पुढे जेवण गेलं नाही.

माझी आई सातवी शिकलेली. तिच्या पाककृतींच्या वहीत प्रत्येक पदार्थाखाली तो कुणाकडून आणि कधी शिकली ते लिहिलेलं असायचं. ‘समोरच्या वहिनींकडून, दिवाळी १९७१.’ कशाला लिहितेस, असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाली, “दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवू नये.”

याच पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत, १९१९ पासून प. कृ. गोडे क्युरेटर होते. जन्म १८९१ चा, १९६१ ला गेले. आयुष्य पोथ्यांत घातलं. या माणसाने तंबाखू कधी आली, मका कधी आला, विड्याचा इतिहास काय, हे सगळं जुन्या ग्रंथांतून हुडकलं. १९४३ मध्ये जिलबीवर लेख लिहिला. जिनसूर या जैन लेखकाच्या ‘प्रियंकरनृपकथे’त, साधारण १४५० च्या सुमारास, जेवणाच्या वर्णनात जिलबी येते. बाबर आला १५२६ मध्ये! ‘गुण्यगुणबोधिनी’ या १६०० पूर्वीच्या संस्कृत ग्रंथात तर कृतीच आहे, आजच्यासारखीच. म्हणजे पाटीही खोटी आणि भाचाही चूक.

शब्द अरबी ‘झलाबिया’वरून आला म्हणतात. असेल, मान्य. म्हणून साडेपाचशे वर्षं आपल्या पंगतीत बसलेली जिलबी परकी होते का? आणि परकी नाही म्हणून लगेच वेदांत नेऊन बसवायची का?

‘भोजनकुतूहल’ हा खाण्यापिण्यावरचा जुना संस्कृत ग्रंथ लिहिणारा रघुनाथ हा तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयाला होता, हेही गोड्यांनीच मांडलं. आपल्याच माणसांनी स्वयंपाकाबद्दल काय लिहून ठेवलंय, ते या गृहस्थाने धुंडाळलं. तेही झेरॉक्स नाही, संगणक नाही, अशा काळात. आणि आज मोबाइल हातात असलेला कुणीही अर्ध्या मिनिटात पाच हजार वर्षं म्हणतो, आपण लाइक देतो. संताप येतो हो. गोड्यांचं इंग्रजी रुक्ष आहे, खरंय, पानंच्या पानं तळटीपा. पण त्या तळटीपा म्हणजे माझ्या आईचं ‘कुणाकडून, कधी’च की!

केटररवर मी जरा जास्तच चिडले. तो बिचारा पोटासाठी पाट्या लावतो. आपली शिकलेली माणसं त्या पाटीखाली हसत उभी होती, त्याचं जास्त लागलं.

घरी येऊन वही काढली. पानं आता हाताला चुरतात. जिलबीचं पान सापडलं. पीठ आंबवायचं प्रमाण, पाकाची तार, आणि खाली तिच्या तिरक्या अक्षरात: ‘आचाऱ्यांकडून, दादाच्या मुंजीत, मे १९६८. पहिला घाणा बिघडला, दुसरा जमला.’