तपासणीचे गुण दारावर लावा की!

दिवाळी आली की पेपरात एक फोटो ठरलेला: जप्त केलेला खवा, शेजारी उभे अधिकारी, खाली ओळ 'नमुने प्रयोगशाळेकडे रवाना'. पुढे काय झालं ते सहसा छापून येत नाही. नमुन्याचे चार भाग करायचे, विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस, तो अहवाल दुकानदाराला मान्य नसेल तर अपिलाला ३० दिवस. नियमात चूक काही नाही, कुणाचं दुकान उगाच बुडू नये. पण तोवर भाऊबीज उरकून बर्फी पचलेलीसुद्धा असते. अगदी वरातीमागून घोडं.

मी पुण्यात छोटी खाणावळ चालवते, म्हणून मला ही गोष्ट गल्ल्याच्या या बाजूने दिसते. आमच्या भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर आहे. तो एवढंच सांगतो की आमची नोंद आहे. आत काय चालतं ते सांगत नाही.

आत काय चालतं ते फडक्यावरून कळतं. ओटा पुसलेल्या फडक्यानेच ताट पुसलं की समजा. दुसरी खूण भाताची. अकराला झालेला भात तीन वाजता गरम डब्यात आहे की उघड्या पातेल्यात? ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न पडून राहिलं की जंतू वाढतात, भाताला ना वास येतो ना चव बदलते, उलट्या मात्र होतात. आम्ही उरलेला भात परातीत पसरून लगेच गार करतो, मग फ्रिजमध्ये. तळणीचं तेलही वेळेवर बदलतो. याला पैसे लागतात हो! काळंकुट्ट तेल आठवडाभर उकळणारा थाळी वीस रुपयांनी स्वस्त देतो, आणि नंबर त्याच्याही भिंतीवर असतो. मग गिऱ्हाईक कुठे जाणार?

माझी भाची ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला असते. वेल्समध्ये कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या पालिकेचे, लोक न सांगता येऊन हॉटेलं तपासतात, ० ते ५ गुण देतात, आणि २०१३ पासून तो स्टिकर दारावर लावणं सक्तीचं आहे. शून्य मिळालं तरी लावायचा! आपल्याकडेही एफएसएसएआयची रेटिंग योजना आहे, पण ऐच्छिक. ज्याला पाच मिळायची खात्री तोच अर्ज करणार.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आमदार निवासातल्या कँटीनची डाळ खराब निघाली म्हणून एका आमदारांनी कर्मचाऱ्याला मारहाण केली. मारहाणीचं समर्थन नाहीच. पण त्यानंतर एफडीए, म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन, लगेच पोचलं आणि परवाना निलंबितही झाला. म्हणजे मनात आणलं तर होतं. मेसमधल्या पोराची डाळ आंबली तर?

'गुण दारावर लावायची सक्ती केली तर हप्त्याला नवं निमित्त मिळेल' असं माझ्याच धंद्यातले लोक म्हणतात. मिळेलही. पण आज अधिकारी काय लिहून गेला ते मालक आणि तो, दोघांनाच ठाऊक. दारावर पाच आणि आत झुरळं असली तर गिऱ्हाईकच फोटो काढून टाकेल.

नवं काही उभारायलाही नको. अधिकाऱ्याच्या तपासणी यादीत मुद्द्यागणिक गुण आधीच असतात. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या साइटवर टाकला की आज नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. त्याच पानावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि गुण टाका, तेच दारावरही लावा. आमचेही टाका.