ब्लॉकमधली खाच आणि वॉरंटीची तारीख

विषय संदीपच्या गाडीवरून निघाला. त्याची गाडी पाणी खाते. बॉनेट उघडावं तर कूलंटची बाटली अर्धी, आणि खाली जमिनीवर मात्र थेंब नाही. सर्व्हिस सेंटरने दोनदा टॉप-अप करून घरी पाठवलं. वॉरंटी संपल्यावर थोड्याच दिवसांत सांगितलं की इंजिन उघडावं लागेल, कदाचित ब्लॉकच, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडाच, बदलावा लागेल. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. दोष नेमका कुठे आहे ते अजून ठरायचंय. पण त्या निमित्ताने चिंचवडगावातल्या आमच्या कट्ट्यावर जो वाद झाला तो लिहून काढावासा वाटला, कारण तो एका गाडीपुरता नव्हता.

सुरुवात सलीमने केली. त्याचं गॅरेज आहे, आणि कूलंटचं नाव काढलं की त्याचा राग आधी मालकांवर निघतो. “हिरव्यात लाल, लालमध्ये निळं, हाताला येईल ते ओततात. काही जण सरळ बोअरचं पाणी. काटा वर गेला तरी घरापर्यंत रेटतात. मग इंजिनावरचं हेड वाकतं, त्याखालचं सीलबंद करणारं गॅस्केट उडतं, पाणी शिरून ऑइलचं दूध होतं. आणि बोट कंपनीकडे.”

“माझ्या गाडीत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कुणी हात घातलेला नाही,” संदीप म्हणाला. “सगळी बिलं आहेत.”

“तुझं नाही रे म्हणत. बाकीच्यांचं सांगतोय.”

नितीन सुट्टीवर आला होता. तो मिशिगनमध्ये नोव्हायला असतो, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे. तो म्हणाला, “तिकडे हाच तंटा फोर्डच्या इकोबूस्ट इंजिनांवरून वर्षानुवर्षं चाललाय. एस्केप, फ्यूजन, एज या गाड्या. तिथे मालकांनी काय ओतलं हा प्रश्नच नाही. प्रश्न ब्लॉक कसा कापलाय हा आहे.”

मग त्याने संदीपच्या बिलाच्या पाठीवर पेनाने आकृती काढली. इंजिन लहान, टर्बो लावून ताकद मोठी. सिलिंडर एकमेकांना खेटून. दोन बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या भोकांच्या, मधली भिंत अरुंद, आणि सगळ्यात जास्त तापणारी जागा तीच. ती थंड राहावी म्हणून ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडावर, दोन बोअरच्या बरोबर मध्ये, एक खाच कापलेली. त्या खाचेतून कूलंट जातं, आणि वर हेड गॅस्केट बसतं.

दिघे काकांनी चष्मा वर करून आकृती पाहिली. काकांचं सगळं आयुष्य भोसरीत इंजिनांच्या क्वालिटी खात्यात गेलं. “म्हणजे गॅस्केटला टेकायला खाचेच्या दोन्ही अंगांना उरली किती जागा? ही एवढीशी कड?”

“तेवढीच, काका. इंजिन तापतं, गार होतं, परत तापतं. त्यात टर्बोचा दाब. कधीतरी त्या कडेवरचं सीलिंग सुटतं आणि कूलंट थेट सिलिंडरमध्ये झिरपायला लागतं.”

पुढचं सलीमने कुणी न सांगता पुरं केलं, कारण ही लक्षणं त्याची रोजची आहेत. सकाळी गार इंजिन सुरू केलं की थरथर, मिसफायर. सायलेन्सरमधून पांढरा धूर. प्लग काढला तर एका सिलिंडरचा प्लग वेगळा दिसतो. बाटलीतली लेव्हल उतरते आणि गळती कुठेच सापडत नाही, कारण कूलंट जळून धुराबरोबर बाहेर जातंय. शेवटी इंजिन ओव्हरहीट होऊन बसतं.

“आता खरी गोष्ट ऐका,” नितीन म्हणाला. “२०१९ मध्ये फोर्डने आपल्या डीलरांना सर्व्हिस बुलेटिन पाठवलं. त्यात हीच लक्षणं लिहिलीत. कूलंट कमी होणं, पांढरा धूर, मिसफायर, ओव्हरहीटिंगचे कोड. तपासायचं कसं तेही लिहिलंय, आणि कूलंट सिलिंडरमध्ये जात असल्याची खात्री झाली तर इंजिनाचा ब्लॉक बदला असंही. नंतरच्या ब्लॉकमधून ती खाच गेली, तिच्या जागी बारीक तिरपी भोकं आली. वरची कड अखंड राहिली.”

अनघा इतका वेळ गप्प होती. ती ग्राहक आयोगात वकिली करते. “म्हणजे कंपनीला माहीत होतं.”

“माहीत झालं, असं म्हण. पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणायचं तर पुरावा लागेल. कुठलाच डिझायनर मुद्दाम फुटणारं इंजिन काढत नाही. विचार काकांना.”

काकांनी मान हलवली. “मुद्दाम कुणी करत नाही. पण चूक सापडल्यावर काय करायचं, ते मात्र मुद्दामच ठरतं. आमच्याकडे ड्रॉइंग बदललं की तारखेसह नोंद व्हायची. का बदललं तेही लिहावं लागायचं. त्यांच्याकडेही असणार. ज्या दिवशी खाच काढून भोकं पाडली, त्या दिवशी खाचवाले ब्लॉक किती लोकांच्या दारात उभे आहेत हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.”

मला स्वतःला वादाचा गाभा इथेच वाटतो. डिझाइन चुकू शकतं. पण दुरुस्त डिझाइन पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचं आणि मागच्याला कळवायचंसुद्धा नाही, हा वेगळा निर्णय आहे. तो तंत्रज्ञ घेत नाहीत.

नितीनला हे अर्धंच पटलं. त्याचा मुद्दा वॉरंटीचा. फोर्डची पॉवरट्रेन वॉरंटी, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची, पाच वर्षं किंवा ६०,००० मैल, म्हणजे साधारण ९६,५०० किलोमीटर. “तो करार आहे. गाडीची किंमत त्या हिशोबाने ठरते. पाच वर्षांत इंजिन बसलं तर फुकट मिळतं. सहाव्या वर्षी बसलं तर नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते.”

“आणि सहाव्या वर्षी बसलं तर किती?” संदीपने विचारलं.

“हजारो डॉलर. इंजिनाचा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. कर्जाचे हप्ते अजून चालू असतात आणि गाडी अंगणात बंद पडून असते. असे लोक मी पाहिलेत. मी काही दगडाचा नाही.”

“मग रेघ कसली मारतोस?” अनघाचा आवाज चढला. “झीज झाली तर रेघ मला मान्य आहे. क्लच प्लेट झिजते, ब्रेक पॅड झिजतात. ही खाच सहाव्या वर्षी पडली का? गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच ती ब्लॉकमध्ये होती. दोष पहिल्या दिवसाचा आणि बिल सहाव्या वर्षाचं.”

यावर नितीनकडे लगेच उत्तर नव्हतं. मी विचारलं की तिथे रिकॉल का नाही झालं, म्हणजे गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्ती का नाही झाली, अमेरिकेत तर सरकार कडक आहे म्हणतात. तेव्हा त्याने जो फरक सांगितला तो आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हता.

तिथली एनएचटीएसए ही संस्था सुरक्षिततेचे दोष बघते. २०१७ च्या मार्चमध्ये फोर्डने १.६ लिटरच्या इकोबूस्ट इंजिनाच्या सुमारे २,३०,००० गाड्या उत्तर अमेरिकेत परत बोलावल्या. कारण कूलंटचंच. कूलंट कमी पडलं की हेड तापून तडकायचं, त्यातून ऑइल बाहेर यायचं आणि गरम भागावर पडून पेट घ्यायचं. आगीच्या २९ तक्रारी होत्या. म्हणून रिकॉल, म्हणून फुकट. पण कूलंट आत सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन नुसतं मरत असेल, आग लागत नसेल, तर ते मालकाच्या खिशाचं नुकसान. त्यासाठी बुलेटिन. आणि बुलेटिन म्हणजे फुकट दुरुस्तीचं वचन नव्हे. वॉरंटीत असाल तर कंपनी करते, नसाल तर बुलेटिन हातात धरून तुम्ही पैसे भरता.

“आणि त्या रिकॉलमध्ये बसवलं काय?” काकांनी विचारलं.

“कूलंट कमी झालं की डॅशबोर्डवर सांगणारा सेन्सर.”

काका काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, “चालकाला आधी कळलं, ठीक आहे. त्याने माणूस वाचेल. इंजिनाचं दुखणं जिथल्या तिथे.”

दक्षिण आफ्रिकेचं मी वाचलेलं सांगितलं. तिथे कुगा नावाने १.६ लिटरची हीच जात विकली गेली. गाड्या पेटायला लागल्या, २०१५ च्या डिसेंबरमध्ये एका तरुणाचा पेटलेल्या गाडीत अंत झाला, आणि ४,५५६ गाड्यांचं रिकॉल आलं ते २०१७ च्या जानेवारीत. मधलं संपूर्ण वर्ष त्या कुटुंबाने कसं काढलं असेल या विचाराने मला आजही संताप येतो.

सलीम मात्र आपला मुद्दा सोडायला तयार नव्हता. “ठीक, फोर्डचं डिझाइन. पण दर वेळी डिझाइनच असतं का?” त्यावर नितीनने जनरल मोटर्सचं डेक्सकूल काढलं. १९९५ पासून कंपनी गाड्यांमध्ये हे नारिंगी कूलंट भरू लागली, पाच वर्षं किंवा १,५०,००० मैल बदलायला नको असा दावा करत. मग ३.१, ३.४, ३.८ लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची, गॅस्केट गळायला लागली. काही इंजिनांत कूलंटचा तपकिरी गाळ झाला. लेव्हल कमी राहून आत हवा शिरली की हा गाळ व्हायचा.

“बघ! लेव्हल!” सलीम म्हणाला.

“अरे, पण पाच वर्षं बघू नका असं सांगितलं कुणी?” अनघा म्हणाली. “बघू नका म्हणायचं आणि मग बघितलं नाही म्हणून दोष द्यायचा?”

सलीम यावर थांबला, आणि इथे मला त्याचं मोठेपण वाटलं. “हे बरोबर. गिऱ्हाईक पुस्तकात लिहिलंय तेच करणार. पुस्तक चुकीचं असेल तर त्याने काय करायचं?” मग त्याने विचारलं, “पैसे मिळाले का त्यांना?”

मिळाले, २००८ च्या तडजोडीत. दुरुस्ती गाडीच्या कितव्या वर्षी झाली त्यानुसार ५० ते ८०० डॉलर. दहा-बारा वर्षांनी, आणि तेही ज्यांनी दुरुस्तीचे कागद जपले त्यांना.

“कुठल्याच कंपनीने नीट केलं नाही का?” संदीपने विचारलं. त्याला एवढंच ऐकायचं होतं.

काकांनी होंडाचं सांगितलं. २००६ ते २००९ च्या काळातल्या काही सिव्हिक गाड्यांत १.८ लिटरच्या इंजिनाचा ब्लॉक कूलंटच्या मार्गापाशी तडकायचा. आगीचा प्रश्न नव्हता. होंडाने अमेरिकेत त्या ब्लॉकची वॉरंटी वाढवत दहा वर्षांवर नेली, किलोमीटरची अट काढून. “दोष झालाच. पण दहा वर्षं म्हणाले आणि कंपनी बुडाली नाही. नितीन, तू म्हणतोस किंमत वाढेल. वाढू दे. दोन लाख लोकांवर थोडीथोडी वाढलेली परवडते. एका माणसावर पूर्ण इंजिन कोसळलेलं परवडत नाही.”

संदीपचं काय, हे मग अनघाने सांगितलं, आणि खोटी आशा न दाखवता. आपल्याकडे रिकॉलचा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण तोही सुरक्षितता आणि पर्यावरणाच्या दोषांसाठी. इंजिन गुपचूप कूलंट पीत असेल तर त्यात बसवणं कठीण. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं प्रकरण आलं, लोक त्याचा मोठा आधार मानतात. तिथेही अडचण आहे. त्या प्रकरणात ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान वगळलंय. इंजिन फुटून तुला इजा झाली तर दायित्व, नुसतं इंजिन फुटलं तर नाही.

“म्हणजे मी संपलो,” संदीप म्हणाला.

“नाही. वस्तूतल्या दोषाची जुनी तक्रार आहेच. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलायला, पैसे परत द्यायला सांगू शकतो. आणि त्याच कायद्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत एक ओळ आहे, ग्राहकाला महत्त्वाची माहिती जाणूनबुजून न देणं हीसुद्धा त्रुटी. तुझी लढाई तिथे. तुझी गाडी वॉरंटीत असताना दोनदा कूलंट कमी असल्याची नोंद आहे ना जॉबकार्डवर? मग शोधलं काय, आणि टॉप-अप करून का सोडलं, हे त्यांना विचारायचं. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. इंजिन आत्ता उघडू देऊ नकोस. प्रयोगशाळेची तपासणी मागायची असेल तर ते आहे तसं राहायला हवं.”

नितीनने भर घातली ती मला मोलाची वाटली. अमेरिकेत ही बुलेटिनं कंपन्यांना सरकारकडे द्यावी लागतात आणि ती कुणीही वाचू शकतो. म्हणूनच तिथले मालक एकमेकांना शोधून कोर्टात गेले. “इकडे तसं काही मला दिसलं नाही. ते झालं तर तुमचं अर्धं काम होईल. एवढं मी कंपनीत काम करूनही म्हणतो. डिझाइन बदललं की जुन्या मालकाला पत्र गेलं पाहिजे. दहा वर्षं फुकट दुरुस्ती मला अजून पटलेली नाही.”

“आणि ज्याने सेकंडहँड घेतली त्याला पत्र कोण पाठवणार?” सलीम म्हणाला. “माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या. विकणारा कूलंट भरून, पुसून विकतो. घेणाऱ्याला काहीच कळत नाही.”

“आरटीओकडे आजच्या मालकाचं नाव असतंच की,” काका म्हणाले. “तिथून पत्ता घेऊन पाठवायचं.”

नितीन म्हणाला, त्याचा खर्च कुणी करायचा? अनघा म्हणाली, ज्याने खाच कापली त्याने. त्यावर पुन्हा जुंपली.