‘पगाराच्या 30 टक्के भाडं कुणालाही परवडतं’, हे खरं नाही

‘30 टक्के भाडं हा जगभरचा नियम आहे. पगार ऑफर लेटरवरचा धरा. थोडं जास्त झालं तरी घ्या, पुढच्या वर्षी पगार वाढेलच.’ हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि ती लगेच टोकन द्यायला निघाली. आता पुरे झालं.

जगभरचा नियम? अमेरिकेत 1969 च्या ‘ब्रूक’ कायदादुरुस्तीने सरकारी घरांतल्या भाडेकरूंवर उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली. 1981 मध्ये ती 30 झाली. गरीब भाडेकरूकडून जास्तीत जास्त किती घ्यायचं, याची ती मर्यादा. तीही ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नावर, आणि वीज-पाण्याचा वाजवी खर्च त्यातच धरून. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

सगळ्यात घातक सल्ला ऑफर लेटरचा. कागदावर 50,000 असतील आणि हातात 41,000 येत असतील, तर 15,000 भाडं म्हणजे हातातल्या पैशांचे जवळजवळ 37 टक्के. मेंटेनन्स आणि वीज मिळून 3,000 धरले की 44 टक्के.

हिशोब उलट्या बाजूने करा. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. 41,000 मधून कर्जाचा हप्ता 6,000, घरी पाठवायचे 5,000, किराणा-जेवण 8,000, प्रवास 3,000, फोन-औषधं-किरकोळ 3,000 वजा करा. विमा, सणवार, गावी जाणं असे वर्षातून एकदा येणारे खर्च बहुतेक जण विसरतात आणि तिथेच गाडी अडते. वर्षाचे 24,000 असतील तर महिन्याला 2,000 बाजूला काढा. बचत 3,000. उरले 11,000. त्यातून मेंटेनन्स-वीज गेली की भाड्याला 8,000. मेसेज सांगतो त्याच्या जेमतेम निम्मे!

हप्ता नाही, घरी पैसे पाठवायचे नाहीत, अशा माणसाला 30 टक्क्यांहून जास्तही झेपेल. घरांच्या जाहिराती चाळताना पहिली चाळणी म्हणून हा आकडा चालतो, एवढं मान्य. त्यावर टोकन द्यायचं नाही.

पगारवाढीचं म्हणाल, तर ती तुमच्या हातात नसते. भाडेवाढ मात्र बहुतेक वेळा करारातच लिहिलेली असते. तो टक्का सहीआधी वाचा. आणि डिपॉझिट उसनं घेणार असाल, तर त्याचा हप्ताही वरच्या 8,000 मधूनच जाणार आहे.