ऑक्सफर्ड कोणी ‘काबीज’ केलं? एका फॉरवर्डची झाडाझडती

आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर चार-सहा महिन्यांनी उगवतो. आधी इंग्रजीत यायचा, आता मराठीत येतो. मजकूर थोडक्यात असा: लंडनचा महापौर मुस्लिम, बर्मिंगहॅमचा मुस्लिम, लीड्स, ब्लॅकबर्न, शेफील्ड, ऑक्सफर्ड, लुटन, ओल्डहॅम, रॉचडेल, सगळीकडे मुस्लिम. साडेसहा कोटींच्या देशात अवघ्या चाळीस लाखांनी हे करून दाखवलं. शिवाय १३० शरिया कोर्टं, आणि शाळांत मुलांना फक्त हलाल मांस. ताज्या आवृत्तीला एक शेपूटही जोडलंय: ‘२०२४ च्या निवडणुकीत ऑक्सफर्ड महापालिका गाझावाल्यांनी काबीज केली.’ खाली ‘जागे व्हा’ आणि जोडलेल्या हातांची रांग.

पाठवणारे माझे मावसकाका. माणूस प्रेमळ, पण फॉरवर्ड उघडून वाचायच्या आधीच पुढे ढकलणारा. मी ऑक्सफर्डात राहतो, त्यामुळे निदान त्या एका शहराबद्दल मला गप्प बसवत नाही. काका, हे तुमच्यासाठी.

पहिलं, महापौर. इथल्या महापौराला लॉर्ड मेयर म्हणतात आणि त्याला जनता निवडून देत नाही. नगरसेवक दर वर्षी आपल्यातल्याच एकाला ते पद देतात, वर्ष संपलं की पदाची साखळी दुसऱ्याच्या गळ्यात. तो सभेचं अध्यक्षस्थान सांभाळतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो, उरलेल्या वेळात फिती कापतो आणि पाहुण्यांना चहा पाजतो. कारभार चालवतो तो कौन्सिलचा नेता आणि त्याचं मंत्रिमंडळ. २०१८ पासून २०२४ च्या निवडणुकीनंतरही ते नेतेपद लेबर (मजूर) पक्षाच्या सुझन ब्राउन यांच्याकडेच राहिलं. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडेही महापौराच्या गाडीला २०१७ पर्यंत दिवा असायचा, पण सही आयुक्तांची चालते, हे महापालिकेत एकदा जरी दाखला काढायला गेलेल्याला ठाऊक असतं.

आता नावं बघू. २०१९ मध्ये ग्रीन पक्षाचे क्रेग सिमन्स, मग कोविडमुळे आणखी एक वर्ष तेच. २०२१ मध्ये मार्क लायगो, २०२२ मध्ये जेम्स फ्राय, २०२३ मध्ये लुबना अर्शद, २०२४ मध्ये माइक राउली, २०२५ मध्ये लुईस अप्टन. यातल्या लुबनाबाई त्या पदावरच्या पहिल्या गौरेतर महिला, आणि इथल्या सगळ्यांत तरुण लॉर्ड मेयर. मुस्लिम नगरसेवक त्याआधीही लॉर्ड मेयर झालेले आहेत, नाही असं मी म्हणणारच नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने वेगवेगळ्या वर्षांतली सोयीची नावं उचलली आणि सगळे एकाच दिवशी गादीवर बसलेत असा फोटो जुळवला. शेफील्डचंच घ्या. तिथे माजिद माजिद लॉर्ड मेयर होते २०१८ ते २०१९, एक वर्ष. त्या नऊ शहरांत मतदारांनी थेट निवडलेला महापौर एकच आहे, लंडनचे सादिक खान. बाकी सगळी साखळीची पदं.

(ऑक्सफर्डच्या महापौरपदाचा दरारा किती, याची एक गंमत. १३५५ मध्ये एका गुत्त्यात दारूवरून भांडण झालं आणि गावकरी विरुद्ध विद्यार्थी अशी दंगल पेटली. बरेच विद्यार्थी मारले गेले. शिक्षा म्हणून महापौराने दर वर्षी सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी विद्यापीठाला द्यायची, असं ठरलं. हे १८२५ पर्यंत चाललं! चारशे सत्तर वर्षं हात बांधून दंड भरणारी खुर्ची ती.)

दुसरं, चाळीस लाखांचा चमत्कार. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये मुस्लिम ६.५ टक्के निघाले, म्हणजे सुमारे ३९ लाख. हा आकडा फॉरवर्डने बरोबर धरलाय. ऑक्सफर्ड शहरात ते दहा टक्क्यांच्याही आत आहेत. दहा टक्क्यांच्या आतल्या माणसांनी ४८ जणांचं सभागृह ‘काबीज’ करायचं तर उरलेल्या नव्वद टक्क्यांनी मतदानाच्या दिवशी घरी झोपायला हवं.

तिसरा मुद्दा मात्र खरा रंगतदार, कारण त्याच्या बुडाशी थोडी आग आहे. २०२४ मध्ये ऑक्सफर्डात लेबरचं नाक कापलं गेलं आणि त्यात गाझाचा हात होता, हे खरं आहे. २०२२ च्या निवडणुकीनंतर लेबरकडे ४८ पैकी ३२ जागा होत्या. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये लेबरचे नेते कीर स्टार्मर यांनी एका रेडिओ मुलाखतीत गाझाचं वीज-पाणी तोडण्याचा इस्रायलला हक्क आहे, अशा अर्थाचं जे उत्तर दिलं, त्यावरून इथले नगरसेवक एकामागून एक पक्ष सोडत गेले आणि निवडणुकीच्या कितीतरी आधी, सभागृहातच, बहुमत गेलं. म्हणजे ते मतपेटीतून गेलंच नाही, ते राजीनाम्यांतून गेलं. सोडून जाणाऱ्यांत मुस्लिम नावं होती तशी अस्सल इंग्रजी नावंही होती.

२ मे २०२४ च्या मतदानानंतरचं सभागृह असं: लेबर २०, लिबरल डेमोक्रॅट ९, ग्रीन ८, इंडिपेंडंट ऑक्सफर्ड अलायन्स ४, इतर अपक्ष ७. कॉन्झर्व्हेटिव्ह शून्य. कोणालाच बहुमत नाही, सगळ्यांत मोठा पक्ष तरीही लेबर, आणि अल्पमतात का होईना, सत्ताही त्यांचीच राहिली. ‘काबीज’ हा शब्द यात कुठे बसवायचा ते मला दिसत नाही. शिवाय इथे २४ वॉर्डांत दोन-दोन नगरसेवक आणि दर दोन वर्षांनी निम्म्यांचीच निवडणूक. त्या दिवशी २४ जागांसाठीच मतदान होतं, बाकीचे २४ जण आपल्या खुर्चीत निवांत होते.

आणि त्या चार जागांच्या अलायन्सचा झेंडा कशाचा होता? रस्त्यातल्या खांबांना विरोधाचा! शहराच्या पूर्व भागात, काउली आणि ईस्ट ऑक्सफर्डच्या गल्ल्यांत २०२१-२२ पासून गाड्यांची ये-जा तोडायला प्लास्टिकचे खांब आणि कुंड्या ठेवल्या गेल्या. लोकांनी ते खांब उपटले, मोडले, काही जाळले. दहा मिनिटांचा रस्ता अर्ध्या तासाचा झाला म्हणून दुकानदार आणि टॅक्सीवाले बोंबलत होते. सायकलवाले खूश होते. (मी सायकलवाला आहे, हे आधीच सांगून टाकतो.) त्यात मेख अशी की रस्ते शहराच्या अखत्यारीत नाहीतच. ते आहेत ऑक्सफर्डशर काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या वरच्या संस्थेकडे. शहराकडे घरं, कचरा, बागा, बांधकाम परवानग्या. तरीही राग निघाला तो शहराच्या निवडणुकीत. माझं वाचन असं की लेबरला पूर्व भागात गाझाने जेवढं पोळलं, तेवढंच या खांबांनीही. पण खांबांवर कोण फॉरवर्ड लिहिणार? ‘प्लास्टिकच्या खांबांनी शहर काबीज केलं’ वाचून कोण जागं होणार?

चौथं, १३० शरिया कोर्टं. कोर्ट एकही नाही. शरिया कौन्सिल म्हणून ज्या खासगी मंडळ्या आहेत, त्यांचा निवाडा कायद्याला बांधील नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, त्यात त्यांची संख्या अंदाजे ३० ते ८५ धरलीय. त्यांच्याकडे येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका, त्याही धार्मिक तलाक मिळवायला. यातल्या कित्येकींच्या लग्नाची सरकारदरबारी नोंदच नसते, म्हणून दिवाणी घटस्फोटाचा रस्ता बंद. नोंदणी सक्तीची करा, अशी समितीची शिफारस होती. त्या बायकांची अडचण खरी आहे आणि तिच्यावर बोलायला हवं, पण फॉरवर्डला तिच्याशी देणंघेणं नाही. कायदा होतो वेस्टमिन्स्टरला. पोलीस थेम्स व्हॅली या आसपासच्या प्रदेशाचे, आणि त्यांच्यावरचा निर्वाचित आयुक्त २ मे २०२४ लाच पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचाच निवडून आला. महापालिकेच्या हाती यातलं काहीच नाही.

‘सगळ्या शाळांत फक्त हलाल’ हे तर निव्वळ खोटं, त्यावर जागा घालवत नाही.

राहता राहिला फॉरवर्डचा मूळ सूर, की बाहेरून आलेले येऊन मतं टाकतात आणि शहर फिरवतात. काका, इथे एक कबुली द्यायची आहे. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकाकडे इथे राहायचा वैध व्हिसा असला की त्याला मतदार यादीत नाव घालता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. २ मे २०२४ ला मी ऑफिसला जाता जाता मतदान केंद्रात शिरलो. दाराशी कोणाचा तरी कुत्रा बांधलेला. २०२३ पासून ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि राष्ट्रकुलातला पासपोर्ट चालतो. टेबलामागच्या बाईंनी माझा निळा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पट्टी लावून यादीतलं नाव खोडलं आणि कागद हातात दिला. आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. शाई नाही, बोटाला काही नाही. फुली मारली, घडी घालून पेटीत टाकली आणि बाहेर आलो.

बाहेरचा मतदार शोधत असाल तर तो मी आहे, काका. सिंहमुद्रेच्या पासपोर्टवाला.